खंडेनवमीला मेलेली टाकी

"जाधव मॅडम, अभिनंदन! सात पूर्णांक एक. एवढा आकडा मी ह्या पॅनलवर कधी पाहिला नव्हता."

बर्वे सर, आमचे प्लँट हेड, दसऱ्याच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले होते. चेहऱ्यावर अजून सणाचा तजेला होता. मी हातातला डबा टेबलावर ठेवला आणि पॅनलकडे पाहिलं.

"सर, आपल्याला दोन लागतो."

"मग सात म्हणजे चांगलंच की!"

"सात म्हणजे टाकीत कुणी श्वास घेत नाहीये, सर."

हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ईटीपी सांभाळायचे. ईटीपी म्हणजे कंपनीचं घाण पाणी साफ करणारा विभाग. पाहुणे आले की त्यांना रोबोट दाखवतात, असेंब्ली लाइन दाखवतात, कॅन्टीनसुद्धा दाखवतात. ईटीपी कुणी दाखवत नाही. आपण तरी घरी आलेल्या पाहुण्याला मोरी दाखवतो का? माझी अख्खी नोकरी त्या मोरीत गेली आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

कंपनीच्या पाण्यात तेल असतं, साबण असतो, कूलंट असतं. कूलंट म्हणजे लोखंड कापताना मशीन तापू नये म्हणून सोडतात ते दुधाळ पाणी. तेल वरून काढून घेता येतं, गाळ औषध घालून खाली बसवता येतो. पण पाण्यात जे विरघळलेलं असतं ते कुठल्याच मशीनला काढता येत नाही. ते बॅक्टेरिया खातात. त्यासाठी एक मोठी टाकी असते, तपकिरी पाण्याने भरलेली, आणि खालून ब्लोअर चोवीस तास तिच्यात हवा सोडतो. त्या हवेवर कोट्यवधी जीव जगतात आणि आमची घाण खातात. त्यांचा श्वास घेऊन झाल्यावर पाण्यात जो ऑक्सिजन उरतो त्याला आम्ही डीओ म्हणतो. तो दोनच्या आसपास राहिला की सगळं ठीक. पंगतीत वाढपी वाढत सुटलाय आणि सगळी पानं भरलेली तशीच राहिलीत, तर स्वयंपाक उत्तम झालाय असं कुणी म्हणत नाही. जेवणारे कुठे गेले ते बघायला धावतात. मी तशीच टाकीकडे धावले.

तिथे बबनदादा आधीच रेलिंगला धरून उभे होते. बबनदादा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. ती टाकी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचं वांग्याचं वावर होतं. जमीन कंपनीला गेली, घरटी एक नोकरी मिळाली, ती यांच्या वाट्याला आली. मीटर बिघडलं तरी चालेल, बबनदादांचं नाक बिघडता कामा नये, असं मी नेहमी म्हणायचे.

"म्याडम, वास गेला," ते म्हणाले.

"घाण येतोय?"

"घाण आला असता तर बरं. वासच न्हाई."

चांगल्या टाकीला नुकत्याच नांगरलेल्या रानासारखा वास असतो. त्या दिवशी नळाच्या पाण्याला येईल तेवढाच येत होता. वर पांढराफेक फेस. मी बाटलीत पाणी घेतलं आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली थेंब लावला.

मायक्रोस्कोपमधली आमची टाकी म्हणजे एक गजबजलेलं गाव होतं. बॅक्टेरियाचे ढीग, ढिगांवर देठ लावून बसलेले घंटीच्या आकाराचे जीव, आम्ही त्यांना घंट्याच म्हणायचो. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आकसून घ्यायच्या. आणि त्यांच्यात डोक्यावर दोन चक्रं फिरवत हिंडणारे थोडे मोठे प्राणी, रोटीफर. त्यांना मी पाटील म्हणायचे, कारण ते आले म्हणजे गाव सुखी आहे असं समजायचं. सोळा वर्षं मी रोज सकाळी चहाच्या आधी ह्या गावाची हालहवाल घेत होते.

त्या सकाळी काही म्हणजे काही हलत नव्हतं. घंट्यांची तोंडं मिटलेली, देठ लुळे. पाटलांच्या जागी नुसते गोळे. मी चार थेंब पाहिले, पाचवाही लावला. खोटं कशाला सांगू, घरातलं कुणी गेल्यासारखं रडू आलं मला.

रडून झाल्यावर मला राग येतो. मी तडक मेंटेनन्सच्या शिंद्यांकडे गेले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्या ह्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा होते. कंपनी परदेशी असो की चिखलीतल्या गाळ्यातलं एकच लेथ असो, त्या दिवशी लोखंडाला हार. पूजेच्या आधी दोन दिवस मशीन अंतर्बाह्य धुतात. एरवी वर्षभर ज्या कोपऱ्यात कुणी बोट घालत नाही तिथे दात घासायचा ब्रश चालतो. मशीनखाली कूलंटची टाकी असते, सम्प म्हणतात. तोही रिकामा करून धुतात. आणि सगळं धुणं कुठे जातं? गटारीने थेट माझ्याकडे.

"शिंदे भाऊ, यंदा सम्प कशाने धुतले?"

"नवीन क्लीनर आलाय मॅडम. एक नंबर! मशीनला वासच नाही राहिला."

"वास कशाने येतो माहितीय का? कूलंटमध्ये जंतू वाढले की येतो. म्हणजे तुमचा क्लीनर जंतू मारतो. किती टाकला?"

शिंदे जरा चाचरले. "डब्यावर लिहिलंय त्याच्या डबल. खंडेनवमी आहे राव, देवापुढं मशीन काय कुबट वास मारत उभं करायचं?"

"सगळ्या मशीनला?"

"सगळ्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. क्लीनिंग परमिट. केमिकलचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. धुण्याचं पाणी कुठे जाणार, तर ईटीपी. खाली सही. माझी!

मी ती सही केली तेव्हा ब्लोअरला निळा ऑइलपेंट मारून घेत होते. पूजेच्या दिवशी आपला विभाग कुणापेक्षा कमी दिसू नये ना! कागद न वाचता, एका हातात रंगाचा डबा धरून मी सही ठोकली होती. तेव्हा शिंद्यांवरचा राग मला गिळावा लागला.

दुपारी बर्वे सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी, सर, शिंदे, आणि दाराशी बबनदादा. परिस्थिती सोपी होती. कंपनीचं पाणी साठवायची जी कलेक्शन टाकी आहे, तिच्यात चार दिवसांचं पाणी मावतं. चार दिवसांत बॅक्टेरिया उभे राहिले नाहीत तर दोनच रस्ते. एक, प्रॉडक्शन बंद. दुसरा रस्ता कुणी बोलून दाखवला नाही. टाकीच्या मागे एक बायपास व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की पाणी साफ न होता सरळ ओढ्यात जातं. त्याला कुलूप असतं आणि चावी माझ्याकडे. हे पाणी टँकरने दुसरीकडे पाठवता येईल का तेही विचारलं. सगळ्या कंपन्यांच्या सामायिक प्लँटवाल्यांनी केमिकलचं नाव ऐकून फोनच ठेवला. त्यांनाही त्यांचे बॅक्टेरिया होते.

बर्वे सरांना आकाशाचा नाद. घरच्या गच्चीवर दुर्बीण, डोक्यात ग्रह-तारे. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडम, मला नवल वाटत नाही. ह्या विश्वात कुठेही जा, जिवाला मारायचीच सोय आहे. कुठे अतोनात थंडी, कुठे आग, कुठे हवाच नाही. वरून किरणांचा मारा. जीव म्हणजे ह्या सगळ्यातून चुकून सुटलेला कैदी. आज ना उद्या सापडतोच."

"सर, आपल्या टाकीवर उल्का नाही पडली. शिंदे भाऊंचा क्लीनर पडलाय," मी म्हणाले.

शिंद्यांनी मान खाली घातली. दाराशी उभे बबनदादा हळूच म्हणाले, "साह्येब, समदंच मारायला बसलंय म्हन्ता, मग एवढं पोसतंय कोन? आमच्या वावरात कुनी न पेरता हराळी येती. उपटून उपटून आमी मेलो, ती न्हाई मेली."

सर हसले. मला मात्र दोघांचंही पटलं नाही. मला त्या क्षणी फक्त जिवंत गाळ, म्हणजे बॅक्टेरियांनी भरलेला चिखल, हवा होता.

त्याची सोय माझ्या घराखालीच होती. मी चिखलीला राहते. आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा छोटा प्लँट आहे, त्यातही असेच बॅक्टेरिया असतात. घरी विरजण संपलं की शेजारून आणतो, तसंच हे. मी चेअरमनना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे सोसायटीची घाण मागत होतं. "न्या मॅडम, सगळी न्या, वर चहा पाजतो," म्हणाले. संध्याकाळच्या आत मोशीवरून टँकर आला आणि आम्ही तो टाकीत सोडला. बबनदादांनी भावाच्या गोठ्यातलं शेण आणि गूळ कालवून खाऊ म्हणून घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीओ, सात.

मायक्रोस्कोपखाली सोसायटीतले पाहुणेही मेलेले. विष अजून पाण्यातच होतं. एक टँकर जीव मी स्वतःच्या हाताने त्यात लोटले होते.

तरी हात बांधून बसायची सवय नाही. आमच्याकडे एक साधी परीक्षा असते. बाटलीत टाकीचं पाणी आणि थोडा जिवंत गाळ घ्यायचा, हवा भरायची, बूच लावायचं, आत डीओ मीटरची कांडी. आकडा खाली जायला लागला तर आतले जीव श्वास घेताहेत. जागचा हलला नाही तर खेळ खलास. टँकरमधला थोडा गाळ मी बाजूला ठेवला होता, तो घालून चार बाटल्या लावल्या. एकीत पाणी जास्त, एकीत कमी, असं करून पाहिलं. चारही बाटल्यांत आकडा ढिम्म.

दुपारी बर्वे सरांचा निरोप आला. ती टाकी आता मेलेली समजायची. उद्या दुपारी उपसा करणारे टँकर येतील, सगळा मेलेला गाळ काढून टाका, मग नव्याने बघू. नव्याने म्हणजे किमान दोन आठवडे. आणि शिंदे येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "सर म्हणाले, व्हॉल्व्हची चावी तेवढी ऑफिसात ठेवा. नुसती ठेवा."

नुसती! मी न कळायला काय कुक्कुलं बाळ आहे? मी चावी डब्याच्या पिशवीत टाकली, वर पोळीचा डबा ठेवला आणि म्हणाले, "सरांना सांगा, मॅडम चावी शोधताहेत."

बबनदादा बाटल्या पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विनवणी वगैरे काही केली नाही, फक्त म्हणाले, "आमची जनावरं त्या वढ्याला पानी पित्यात, म्याडम."

"माहितीय मला, दादा."

"न्हाई, म्हनलं आपलं सांगावं."

घरी जाताना त्यांना सांगितलं, बाटल्या स्वच्छ धुऊन ठेवा, सकाळी परत लावू. खरं तर परत लावून काय होणार होतं? पण डॉक्टर शेवटपर्यंत नाडी बघतो, तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ताजं टाकीचं पाणी आणि सोसायटीतून आणलेला ताजा गाळ घालून बाटल्या लावल्या. पहिली, सात. दुसरी, सात. तिसरी, सात. चौथीत कांडी घातली आणि चहा घ्यायला वळले. परत आले तर सहा पूर्णांक चार.

मला वाटलं मीटर बिघडलं. कांडी काढून धुतली, परत घातली. सहा पूर्णांक एक. पाच पूर्णांक आठ. मी बाटली उजेडात धरली. तिच्यात बाकीच्यांपेक्षा दुप्पट गाळ दिसत होता.

"बबनदादा! ही बाटली धुतली होती का?"

ते दुसरीच बाटली पुसत राहिले.

"दादा, मी काय विचारतेय?"

"तीन घासल्या. ही न्हाई घासली," ते अपराध्यासारखं म्हणाले. "वरचं पानी तेवढं वतून दिलं. तळाचा गाळ ऱ्हाऊ दिला. आमची आई विरजनाचं गाडगं कधी घासू द्यायची न्हाई. म्हनायची, बुडाला जे चिकाटलंय तेच उद्याचं दही लावतंय."

"पण दादा, त्यातले सगळे मेलेले होते!"

"व्हय. ते हाय खरं."

मी त्यांना रागवायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवून बसले. कारण तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. तो क्लीनर ज्या जातीचा होता ते विष गाळाला चिकटतं. जिवंत जिवाला चिकटून त्याला मारतं, आणि तो मेला तरी त्याला सोडत नाही. चौथ्या बाटलीच्या तळाशी काल मेलेले होते. आज ताजं विषारी पाणी आलं, तर त्यातलं विष ह्या मेलेल्यांनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. मागून आलेल्यांना पाणी बरंचसं स्वच्छ मिळालं. म्हणून ते श्वास घेत होते.

इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, पुस्तकात हे वाचलेलंही होतं. पण बाटली हातात धरून ते समोर घडताना बघणं वेगळं. ज्यांना जन्मतःच डोळे नाहीत, मेंदू नाही, आई-बाप कोण ते ठाऊक नाही, ते मेल्यावरही पुढच्यांच्या उपयोगी पडत होते. ठरवून नाही, मान्य. पण पडत होते ना!

आणि आम्ही दुपारी टँकर लावून नेमके तेच उपसून फेकणार होतो.

मी बर्वे सरांच्या केबिनमध्ये दार न वाजवता घुसले. "सर, उपसा थांबवा. मेलेला गाळ हलवायचा नाही."

"मॅडम, मेलेला गाळ ठेवून काय त्याचं दहावं घालायचंय?"

"तोच विष पितोय, सर. परवाचा टँकर वाया नाही गेला. त्याने अर्धं विष पिऊन घेतलंय. आता मला आणखी गाळ हवा. आपल्या साठवणीच्या खड्ड्यात जुना जड गाळ आहे, तो सगळा टाकीत ढकलते. पाच-सहा तास ढवळते. मग सोसायटीचा दुसरा टँकर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उद्या लाइन बंद करा. पण व्हॉल्व्हची चावी मी देणार नाही. ती हरवली आहे."

"कुठे हरवली?"

"माझ्या पिशवीत."

सरांनी फोन उचलून टँकरवाल्याला उद्याचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. चार दिवस वरूनही त्यांना फोन येत होते, ते मला नंतर कळलं.

जुना गाळ ढकलायला शिंदे स्वतः पंप घेऊन आले. पँट दुमडून, गुडघ्यापर्यंत चिखलात. "मॅडम, पाप मी केलंय, पंप मीच धरतो," म्हणाले. "अर्धं माझं आहे, सही माझी," मी म्हणाले, तर बबनदादा म्हणतात, "पाप वाटून घेताय ते ऱ्हाऊ द्या, पायपाचं त्वांड धरा." चार वाजेपर्यंत ढवळत राहिलो. मग दुसरा टँकर सोडला, पुन्हा शेण, पुन्हा गूळ. पाच वाजता पॅनलवर सहा पूर्णांक नऊ होता. त्याला काही अर्थ नसतो, पण आम्ही तिघंही त्या नऊकडे बघत उभे राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी शिफ्टच्या आधी पोचले. कलेक्शन टाकी काठोकाठ आली होती, वीतभर जागा उरली असेल. पॅनलकडे न बघताच मी आधी रेलिंगपाशी गेले. बबनदादा तिथे डोळे मिटून उभे होते.

"म्याडम, वास घ्या."

मी घेतला. अगदी बारीक, असेल-नसेल असा. नांगरलेलं रान.

डीओ पाच पूर्णांक दोन होता. एरवी आकडा घसरला की लोक हळहळतात, मी तो घसरलेला पाहून टाळ्या वाजवल्या. मग लॅबमध्ये थेंब लावला. सोसायटीतले छोटे जीव हिंडत होते, ते अपेक्षितच होतं. मी काच सरकवत सरकवत एका गोळ्यापाशी आले. पहिल्या दिवशी मी ज्यांना पाटलांची प्रेतं समजून रडले होते, तसलाच एक गोळा. मी पुढे जाणार, तेवढ्यात तो हलला.

गोळा लांबला. एका टोकाने पाय बाहेर काढून त्याने गाळाला पकडलं, दुसऱ्या टोकाने अंग ताणलं, झोपेतून उठलेलं माणूस ताणतं तसं. मग डोकं उघडलं आणि त्यावरची दोन चक्रं सुरू झाली. आधी अडखळत, मग गरगर. शेजारचे बॅक्टेरिया त्या भोवऱ्यात ओढले जाऊन त्याच्या तोंडात जायला लागले. पाटील नाश्त्याला बसले होते.

सोसायटीच्या गाळात हे प्राणी नव्हते. दोन्ही टँकरचा थेंब मी स्वतः तपासला होता. म्हणजे हा आमचाच, जुन्या गावचा. मेलाच नव्हता तो. विष आल्याबरोबर अंग आवळून, दारं-खिडक्या लावून इतके दिवस पडून राहिला होता. मी त्याच्यासाठी रडत होते तेव्हा तो वाट बघत होता. सगळेच वाचले नव्हते. दहातले आठ-नऊ गोळे कधीच उघडले नाहीत. पण एक-दोन उघडत होते.

मी बर्वे सरांना फोन लावला. "सर, दुर्बिणीतून खूप बघितलंत. आज जरा उलट्या बाजूने बघा."

सर आले, चष्मा काढून मायक्रोस्कोपला डोळा लावला. मला वाटलं, मिनिटभर बघतील. दहा मिनिटं झाली तरी माणूस हलेना. चहा आला, निवला. शेवटी डोळा न काढताच म्हणाले, "हे काय करतंय?"

"जेवतंय, सर."

"ह्याला हे शिकवलं कुणी? बंद होऊन पडायचं आणि परत उघडायचं?"

"तुमच्या त्या विश्वानंच, सर. दुसरं आहे कोण?"

ते सरळ बसले. डोळे ओले होते, का एक डोळा मिटून ताणल्यामुळे पाणी आलं, देव जाणे. "मॅडम, मारणारं तेच आणि मरू नये म्हणून असली युक्ती देणारंही तेच?" इतकंच म्हणाले आणि परत डोळा लावला.

मी बारा फूट खोल टाकीपुरतंच बोलू शकते. त्या टाकीवर विश्वाने काही डूख धरला नव्हता. विष आम्हीच ओतलं होतं, तेही हळदीकुंकवाच्या तयारीत. आणि वाचवलं कुणी, तर मेलेल्यांनी, गोळा होऊन पडलेल्यांनी आणि न घासलेल्या एका बाटलीने.

बबनदादांनाही बघायला बोलावलं. त्यांनी पाहिलं, "हां" म्हणाले आणि कामाला लागले. जाता जाता सरांना एवढंच म्हणाले, "आमची हराळी बी आशीच हाय, साह्येब."

त्या दुपारी आम्ही कलेक्शन टाकीचं पाणी अगदी बारीक धारेने आत सोडायला सुरुवात केली. सरांनी एक शिफ्ट बंद ठेवली, दुसरी चालू राहिली. संध्याकाळी डीओ चार, आठवड्याने तीन, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आमचा लाडका दोन. व्हॉल्व्हचं कुलूप उघडलं नाही. चावी माझ्या पिशवीतच राहिली, इतकी, की रिटायर झाले तेव्हा हँडओव्हरच्या दिवशी घरून आणून द्यावी लागली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आधी शिंदे स्वतः परमिट घेऊन आले आणि माझ्यापुढे उभं राहून मला मोठ्याने वाचायला लावलं, शाळेतल्यासारखं. सम्पचं धुणं ड्रममध्ये भरून वेगळं ठेवलं गेलं. पूजेच्या दिवशी पाहते तर टाकीच्या रेलिंगला झेंडूचं भलंमोठं तोरण. शिंद्यांचीच करामत. हातात हळद-कुंकू आणि नारळ घेऊन ते पुढे झाले.

"हळद-कुंकू रेलिंगला," मी ओरडले. "टाकीत चिमूटभर पडलं तर बघा!"

"मग नैवेद्य?"

मी बबनदादांकडे पाहिलं. त्यांनी पाच किलोची गुळाची ढेप आधीच बादलीत विरघळवून ठेवली होती. हात जोडून त्यांनी ती टाकीत ओतली. बर्वे सरही आले होते. सगळे माना वळवून पॅनलकडे बघायला लागले.

दोन. दोन. काही वेळाने एक पूर्णांक नऊ. मग एक पूर्णांक आठ.

जन्मभर पूजा केल्या, नैवेद्य दाखवले, पानावरून पाणी फिरवलं. देव जेवला हे मीटरवर दिसलं, असं ह्या एकाच ठिकाणी. नव्या लोकांना मी नेहमी दोनच गोष्टी सांगत आले. सही करण्याआधी हातातला रंगाचा डबा खाली ठेवा. आणि विरजणाचं गाडगं घासू नका.